घरी लिहिलेले टिपण

आमच्या डोंगरावरील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत मतदानाची रीत नाही. प्रश्न सभेपुढे ठेवावा, सर्वांनी शांत बसावे, ज्याला आतून सुचेल त्याने उठून बोलावे, आणि सर्वांचे जे एक मन झाले असेल ते लेखनिकाने तेथल्या तेथे लिहून वाचून दाखवावे. एकाचेही मन अडले तर थांबावे. हे लेखनिकपद गेली अकरा वर्षे माझ्याकडे, म्हणजे केगोडेकडे, आहे. माझे शिक्षण सहावीपर्यंतच झाले. तथापि माझ्या टिपणांची भाषा शुद्ध असते असे सर्व मानत, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या जून महिन्यात प्रश्न बिकट आला. रस्त्यापलीकडे एक नवी मंडळी तंबू ठोकून बसली. तिचे ढोल व कर्णे रविवारी सकाळपासून गर्जत, आणि आमचे तरुण एकेक करून तिकडे ओढले जात. आमच्या गायकवृंदाची प्रमुख इमाली, वय बावीस, हिने अर्ज दिला, की उपासनेतील पाव तासाचे मौन बंद करून त्या वेळी कीबोर्ड वाजवावा. अन्यथा वृंदातील एकोणीसही जण तंबूत जातील. मौन गेले तर आम्ही क्वेकर कसले, आणि तरुण गेले तर उद्या मौन पाळणार कोण, या विवंचनेने मला अन्न गोड लागेना.

अखेर शनिवारी दुपारी, चहाची पाने खुडून आल्यावर, मी घरीच टिपण लिहून काढले. ‘मौन हा पूर्वजांनी लावलेला दीप असून तो यथापूर्व तेवत राहील.’ वाक्य मला फार आवडले.

दुसऱ्या दिवशी सभेत प्रश्न मांडला. कोणी उठेना. ती शांतता म्हणजे संमतीच, असे समजून मी खिशातील कागद काढून वाचला.

पुढच्या बाकावरून वृद्ध कागेहामावशी उठल्या. “केगोडे, तुझ्या पेनाचं टोपण अजून निघालं नाही. लिहिलंस कधी?”

“काल, मावशी.”

“काल सभा होती? मला नाही कुणी बोलावलं!”

मंडळी हसली. मी म्हणालो, “पण मौन राहावं असंच तुमचंही म्हणणं ना?”

“आहेच. पण ते माझं झालं नि तुझं झालं. देवाला काही सांगायचं असेल तर त्यानं कुठं लिहायचं, समासात? फाड तो कागद.”

मी फाडला. पुन्हा सर्व शांत बसलो. बऱ्याच वेळाने इमाली उठली.

“खरं सांगते. मौनात करायचं काय, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. ‘गप्प बसा’ एवढंच. डोळे उघडून बघावं, तर साब्वाआजोबा झोपलेले.”

“मी डोळे मिटून ऐकत असतो,” साब्वा म्हणाले.

“मग घोरतं कोण, तंबूवाले?” कागेहामावशी म्हणाल्या. मग इमालीकडे वळल्या. आमच्याकडे पुढच्या बाकावरील दोघांनी हात मिळवले की मौन संपते. मावशी तिला म्हणाल्या, “माझ्या शेजारची जागा कासिवा वारल्यापासून रिकामी आहे. तू येऊन बस. हात तूच पुढं करायचास. मी आधी करणार नाही.”

“आणि आजी, मी लगेच केला तर?”

“तर मौन तेवढंच.”

मला भय वाटले. तथापि कोणाचे मन अडले नाही, माझेही नाही. मी तेथेच लिहिले: ‘इमाली कागेहामावशींच्या शेजारी बसेल. मौन तिच्या हाताने संपेल. त्यानंतर वाद्य वाजेल.’ दीप वगैरे सुचला नाही.

पुढच्या रविवारी एकोणिसांपैकी सात जण तंबूत गेले. बारा आले. मौन सुरू झाले तसे पलीकडून ढोल ऐकू येऊ लागले. इमाली प्रथम दाराकडेच पाहत होती. पाच मिनिटे झाली. एक कोंबडी आत येऊन बाकांखालून फिरून गेली. मग इमालीने डोळे मिटले. पाव तास उलटला, तरी तिचे हात मांडीवरच होते. मी घड्याळाकडे पाहणे सोडले.

पुष्कळ वेळाने तिने हात पुढे केला.

“एवढ्यातच?” कागेहामावशींनी विचारले, आणि हातात हात दिला.