चुलीचे तीन दगड

"तू नर्स आहेस सुगंधा, चांगली आहेस. पण कारभार म्हणजे इंजेक्शन नव्हे," म्हणत डॉक्टरांनी बोईसरच्या त्या अठरा खाटांच्या नर्सिंग होमच्या किल्ल्या रामकिसनच्या हातात दिल्या.

रामकिसन बी.कॉम. सुगंधाकडे नर्सिंगचा डिप्लोमा, वसतिगृहातली पाणचट डाळ तीन वर्षं गिळून मिळवलेला, आणि वर बारा वर्षांची नोकरी. मॅनेजरच्या जागेसाठी तिनं जन्मात पहिल्यांदा अर्ज केला होता. तो तसाच परत आला.

घिवलीला घरी सासू सोजराबाई मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "रडतं कशाला? कोयता हातात आला म्हनून काय नारळ सोलता येतो? बघू दे त्याला!"

रामकिसननं फिरती खुर्ची आणली आणि पहिला हुकूम काढला : पाचनंतर नातेवाईक फाटकाबाहेर. मोठा शहाणा! पाड्यावरची बाई एकटी बाळंत होत नसते. तिच्यासंगती सासू, आई, जावा येतात, आवारात चूल मांडतात. हे त्याच्या कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

झिपरू तारापूरच्या कारखान्यात कामाला, खर्च कारखाना देणार, म्हणून त्याची बायको चिमी इथं आलेली. कालच बाळंत झाली होती. पाचला तिची सासू ठकी आणि बाकीच्या बाया फाटकाबाहेर गेल्या. साडेपाचला पाहतात तर खाट रिकामी. सलाइनची नळी लोंबतेय, बाळही नाही.

"डिस्चार्ज तर लिहिलेला नाही!" रामकिसन रजिस्टर चाळत म्हणाला.

सुगंधा आवारात गेली. चुलीची राख होती, दगड नव्हते. दगड उचलून नेले म्हणजे घरी गेल्या नाहीत; जवळच मांडले असणार. तिनं मान उंच करून धूर शोधला. मागच्या शेतापलीकडे चिंचेखाली तो दिसला.

चिमी चुलीशेजारी खोडाला टेकून बसली होती, बाळ ठकीच्या मांडीवर. लुगडं रक्तानं भिजलेलं, ओठ पांढरे.

"मला वाटलं, मला टाकून गेल्या," ती पुटपुटली.

"टाकतात कशाला, वेडे!" सुगंधानं नाडी धरली, पोटावर हात ठेवून दाबत राहिली. "ठकीआये, झोळी करा! आन ते दगड पन घ्या संगती."

आवारात चूल पुन्हा पेटली. रामकिसन दारात आला. सुगंधा म्हणाली, "आधी पेशंट. हुकूम मागून."

रक्त थांबलं. सकाळी डॉक्टरांनी किल्ल्या तिच्यासमोर ठेवल्या.

"धुरावरून पेशंट शोधायचं डिप्लोम्यात शिकवतात?"

"नाय साहेब. नाडी धरायला शिकवतात. धरून बसलं की बाकीचं कळतं."

"पण आता ही नर्सची टोपी काढावी लागेल. मॅनेजरला शोभत नाही."

सुगंधानं पिना सोडवल्या. पांढरी टोपी खणात ठेवली आणि खण हळूच लावला.

इतक्यात ठकी आत आली. उभं राहून पाय दुखले असतील. सरळ फिरत्या खुर्चीत बसली. खुर्ची गर्रकन वळली तशी घाबरून म्हणाली, "बाय, ही तुजी जागा काय गं?"

"बस गं आये. मी चिमीला बघून येते."

वॉर्डाच्या दाराशी रोजच्यासारखा तिचा हात टोपी नीट करायला डोक्यावर गेला. तिथं नुसते केस होते. तिनं तेच सारखे केले आणि आत गेली.