खपलेलं गाणं

दुसऱ्या ओळीला नरेंद्र देशकरांनी हातातला वडा परत प्लेटमध्ये ठेवला.

स्टेजवर त्यांची नात गात होती. रेवा, वय आठ, अंगात जरीचं परकर-पोलकं, पायात शाळेचे बूट. डब्लिनच्या सिटीवेस्टमधला तो हॉल एरवी हर्लिंग या आयरिश खेळाच्या क्लबचा. भिंतीवरच्या काठ्या-चषकांखाली मराठी मंडळानं 'माझ्या घरची अंगाई' असा फलक लावला होता. आतापर्यंत सहा मुलांनी एकच अंगाई सहा वेळा म्हटली होती. रेवाची वेगळी होती, आणि तिचा एकही शब्द हॉलमधल्या कुणाला कळत नव्हता.

नरेंद्रांना सगळे कळत होते. गाणं जपानी होतं.

त्यांनी शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिलं. सुश्रुत ओठ हलवत लेकीला लांबून साथ देत होता.

"आईची अंगाई," तो कुजबुजला. "तुम्हाला सरप्राइज, बाबा. रोज झोपताना म्हणतो मी तिच्यासाठी. भंडाऱ्याकडची असेल ना?"

नरेंद्रांनी ठेवलेला वडा उचलून तोंडात घातला. सकाळीच सुश्रुतनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं: "बाबा, प्लीज, आज जपान नको."

जपान म्हणजे वही. अठ्ठ्याहत्तर साली नागपूरच्या कारखान्यानं नरेंद्रांना आठ महिने ओसाकाजवळ ट्रेनिंगला पाठवलं होतं. बाकीचे लोक येताना कॅमेरे घेऊन आले. हे अकरा तबकड्या घेऊन आले, आणि एक छंद: जपानात कुठल्या दशकात कुठलं गाणं सर्वांत जास्त खपलं, ते प्रतींच्या आकड्यासकट वहीत उतरवायचं. सत्तरीत लहान मुलांचं, तव्यावरून पळालेल्या माशाचं. नव्वदी संपता संपता पुन्हा मुलांचंच, काडीला टोचलेल्या तीन लाडवांचं. पुढे पुढे तर एकेक जण एकाच गाण्याच्या दहा-दहा प्रती घेऊ लागला, कारण आत गायिकेशी हात मिळवायचं कूपन निघायचं. त्याला नरेंद्र खप मानत नसत, रांग मानत. मागच्या शनिवारी सुश्रुतचा मित्र उपेंद्र याच्याकडच्या पूजेत हा फरक त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितला होता. शिरा गार झाला होता. म्हणून आजची बंदी.

रेवा आत्ता गात होती ते माशाचंच गाणं. अलकनंदा, त्यांची बायको, माहेरची भंडाऱ्याची, तबकडी ऐकून ऐकून ते शिकली होती. सुश्रुत जन्मला तोवर प्लेअर बिघडला होता, मग तीच गायची. अर्थ तिनं एकदा विचारला होता. शेवटी माशाला कोळी पकडतो आणि खातो हे ऐकल्यावर म्हणाली होती, "पोराला सांगू नका." चार वर्षांपूर्वी ती गेली. पोराला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या ओळीला रेवानं एक अक्षर उगाच लांबवलं, मग खाली सोडलं. तसं कुठल्याही जपान्यानं म्हटलं नसतं. तसं फक्त अलकनंदा म्हणायची. नरेंद्रांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. तो स्वच्छच होता.

टाळ्या झाल्या, पण जरा बिचकत. न कळलेल्या मराठीला टाळ्या किती वाजवाव्यात याचा अंदाज कुणालाच नव्हता. परीक्षक दोन. विद्याताई मूळच्या मालवणच्या. मोरेश्वर पाठक सँडीफोर्डला सॉफ्टवेअर तपासत आणि शनिवार-रविवार मराठी.

"आमच्याकडचं नाही हो हे," विद्याताई म्हणाल्या.

"नाहीच. देशकर नागपूरचे. ही झाडीबोली," पाठकांनी माईकवर निकाल दिला. "तिसऱ्या ओळीतला हेल ऐकलात? अस्सल भंडारा! धानाच्या बांधावरचा सूर आहे तो."

नरेंद्र चमकले. सगळं चुकून माणूस नेमक्या जागी पोहोचला होता.

"देशकरकाका, या ना वर. दोन शब्द बोला."

स्टेजच्या तीन पायऱ्या चढेपर्यंत त्यांच्यासमोर तीन उत्तरं होती. पहिलं खरं होतं आणि त्यात सुश्रुतची आई हरवत होती. दुसरं खोटं होतं. पायऱ्या संपल्या. खाली सुश्रुत त्यांच्याकडे असा बघत होता, जसा शाळेत असताना निकालाच्या दिवशी बघायचा.

"हे गाणं," नरेंद्र म्हणाले, "फार खपलं."



"ऐकलंत?" पाठकांचा आवाज जड झाला. "खपलं! अशा किती बोली, किती गाणी आपल्या डोळ्यांदेखत खपली! आणि आज आयर्लंडमधल्या एका मुलीनं..."  पहिला चषक रेवाला मिळाला.

सूनबाई सुमेधा वड्यांची भांडी आवरायला मागे थांबली. तिघं लुआसच्या ट्राममध्ये बसले. रेवानं चषक मांडीवर घेतला.

"आजोबा, वॉज आय ग्रँड?"

"ग्रँड," नरेंद्र म्हणाले. "एक अक्षर चुकलं नाही. त्या हॉलमध्ये हे मला एकट्याला ठाऊक होतं, म्हणून सांगून राहिलो."

"बट व्हॉट डझ इट मीन? डॅडी डझन्ट नो."

"एक मासा असतो. खरा नाही, खायचा. आत लाल चवळीचं पुरण. रोज तव्यावर भाजून घ्यायचा त्याला कंटाळा येतो. मग एक दिवस तो पळतो आणि समुद्रात उडी मारतो."

सुश्रुतनं खिडकीतून मान वळवली.

"पुरणाचा मासा? भंडाऱ्याला?" तो थांबला. "बाबा. हे जपान आहे?"

"तूच म्हणाला होतास, आज जपान नको."

एक स्टेशन गेलं. दारं उघडली, मिटली.

"म्हणजे आईचं नव्हतंच ते."

"पाठक काय म्हणाले? तिसऱ्या ओळीतला हेल. तो भंडाऱ्याचाच. माझ्या तबकडीत नाही तो, तुझ्या आईचा आहे. तुझ्यात आहे, आता हिच्यात आहे." नरेंद्रांनी चषकावरचा नातीच्या बोटांचा ठसा पुसला आणि मग तो पुसल्याबद्दल त्यांना वाईट वाटलं.

 सुश्रुतनं खिडकीबाहेर बघत तिसरी ओळ हळूच गुणगुणून पाहिली. हेल बरोबर पडला.

"अँड द फिश?" रेवानं विचारलं. "इन द सी?"

"पोहतो. खूप पोहतो. पोटात पुरण असतं ना, जरा जड जातं. पण पोहतो."

"आणि शेवटी?" सुश्रुतनं विचारलं. त्याचे डोळे खिडकीवरच होते. "खपला का?"

नरेंद्रांनी मुलाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि ताठ बसले.

"पंचेचाळीस लाख," ते म्हणाले.