कण्हणारी खोली

सकाळचे सात वाजत आले की त्या नव्या खोलीत मुंगी शिरायला जागा नसायची. मधोमध घरातली सून बसवलेली, डोकं धरून, चेहरा पांढराफटक. समोर भुतं उतरवणारे बाबा. लाद्यांच्या सांध्यावर ठेवलेला कागदाचा कपटा थरथरला की बाबा बोट वर करायचे, आणि जमिनीखालून कोणीतरी घर्रर्र करून कण्हायचं.

"ऐकलंत?" बाबा म्हणायचे. "हिची मेलेली सासू. हिच्या अंगात शिरते, म्हणून ही ओकते. असली छप्पन्न भुतं मी एका बोटावर नाचवलीत. पण ही बाई घरात आहे तोवर सासू जायची नाही."

ते एक बोट उचलताना बाबांना जेवढा घाम फुटायचा, तेवढा मला दिवसभर विटा वाहून फुटत नाही. सासू निसटू नये म्हणून त्यांनी खिडक्याही खिळे ठोकून बंद करवल्या होत्या. सासऱ्यांनी ठरवूनच टाकलं, रविवारी सुनेला माहेरी सोडायचं, कायमचं. नवरा खाली बघून मान हलवायचा.

मी गवंडी. ही खोली मीच बांधली. पूर्वी तिथे मागचं अंगण होतं, खालून शेजारच्यांच्या मोरी-संडासाची पाइपलाइन जाते, आणि मधोमध तिचं चेंबर. ते हलवायला परवानगी लागते. सासरे म्हणाले, "नसती भानगड कशाला? वरून लादी घाल."

तेव्हा हीच सून म्हणाली होती, "मामंजी, इथे माणसं झोपणार. गटारावर कसं झोपायचं?"

"बायकांनी बांधकामात नाक खुपसू नये," सासरे म्हणाले. नवऱ्याने लाद्या मोजायला घेतल्या. मी हसलो आणि लादी घातली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी मी शेजारच्या बाईंकडे गेलो. त्यांच्याकडे साताला नळ येतो, मग अंघोळी, धुणं सगळं एकदम. "उद्या साताला थेंबही सांडू नका," मी म्हणालो. "मी भिंतीवर थापी आपटली की संडासात बादली ओता."

रविवारी कपटा हलायची वाट बघून बाबांनी शेवटी तसंच बोट वर केलं. काही नाही. पुन्हा केलं. कपटा ढिम्म.

"आज रुसलीय," बाबा म्हणाले.

"सुनेला बाहेर पाठवा," मी म्हणालो. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी थापी आपटली. खोली कण्हली. पुन्हा आपटली, पुन्हा कण्हली.

"जिच्या अंगात सासू आहे ती तर बाहेर बसलीय. मग आत कोण कण्हतंय?"

"ती आता गवंड्यात शिरली," बाबा म्हणाले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मी पहारीने लादी उचकटली. लोकांनी नाकं दाबली. पाणी आलं की पाइपमधली हवा सांध्यांतून वर घुसते, तोच आवाज, तोच थरथरणारा कपटा. आणि हीच घाण हवा या खोलीत रात्रंदिवस हुंगून सून आजारी पडली होती, खिडक्या बंद केल्यावर तर आणखीच. आजार म्हशीला, औषध पखालीला. हे सांगून मी वर बघितलं, तर बाबा चपला शोधत होते.

"चला, सुटलो," सासरे म्हणाले. "सूनबाई, आत ये."

सुनेची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. तिने ती उचलली. "चेंबर कुठे आहे हे तुम्हा तिघांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "तरी भूत मी."

ती गेली. नवरा लादीकडे बघत राहिला.

बाबा काय, परका होता. त्याला अंगण माहीत नव्हतं, आम्हाला होतं. म्हणून सांगतो, जमीन कण्हली तर बोटवाल्याला बोलावू नका, पहार आणा आणि लादी उचला. आणि घरातल्या कोणी आधीच सांगितलं असेल, तर तिचं तेव्हाच ऐका.