ओरोझालीच्या बरणीतली मुळं

ओरोझाली ताबीब, म्हणजे कुरणावरचा वैदू; त्याच्या लोकरी नमद्याच्या तंबूपुढे सकाळपासून लोकांचे घोडे बांधलेले होते. आत त्याने काचेची बरणी उंच धरली आणि हलवली. तळाच्या काळ्या खपल्या खुळखुळल्या.

"ही सगळी रोगांची मुळं! सुरी नाही, रक्त नाही. माझा लेप मुळाला हाक मारतो, मूळ निमूटपणे बाहेर येतं!"

"कोकुय!" गर्दी अचंब्याने उद्गारली.

कुरणावरच्या माणसांना हे पटवायला फार कष्ट लागत नाहीत. गुरांच्या पाठीत माशीची अळी घर करते. ती दाबून काढली की कातडं भरून येतं, हे इथल्या प्रत्येकाने स्वतःच्या अंगठ्याने केलेलं असतं. माणसाच्या गालाचं तरी वेगळं काय असणार?

बात्माकान मावशीही तेच धरून बसली होती. साठ उन्हाळे डोंगरावरच्या उन्हात काढल्यावर तिच्या गालावर खरखरीत लाल चट्टा उठला. ओरोझालीच्या लेपाने आठवड्यात काळी खपली गळून बरणीत गेली. आता तिथे राहिलेल्या खड्ड्याच्या कडेने पुन्हा खरखर सुरू झाली होती.

"दुसरं मूळ आहे," ओरोझाली म्हणाला. "हट्टी आहे. डॉक्टरची सुरी लागली तर रुसून मेंदूत शिरेल." रोगाचा स्वभाव त्याला घरच्या जावयासारखा ठाऊक होता.

"मावशी, लेप लावायच्या आधी हे बघ." आरोग्य केंद्रातली परिचारिका तुमार पुढे आली आणि तिने फोन धरला.

"आली शहाणी! भिंग घेऊन माझ्या सुरकुत्या मोजते," बात्माकान म्हणाली.

"सुरकुत्या तू मोज, मी चट्टा बघते. हा वसंतातला फोटो, डर्मोस्कोपच्या भिंगातून काढलेला. लाल जाळी, तिच्यात केसांच्या छिद्रांचे फिकट ठिपके, स्ट्रॉबेरीसारखे. ती उन्हाने कातडी बिघडल्याची सुरुवात. आणि ही परवाची खड्ड्याची कड. छिद्रांभोवती पांढरी कडी, मध्ये वळलेल्या रक्तवाहिन्या. रोग आत सरकल्याची ही खूण. नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाई फोटो बघून म्हणाल्या, कातडीचा तुकडा तपासल्याशिवाय कर्करोग पक्का म्हणता येणार नाही, पण उशीर करू नका."

"मग माझ्या गालातून बरणीत काय पडलं?"

तुमारने बाही वर केली. मनगटावर ताजा खड्डा होता. मग खिशातून डबी काढून तिने एक काळी खपली बात्माकानच्या तळहातावर ठेवली.

"तुझ्याकडे उरलेला लेप नऊ दिवसांपूर्वी मी इथे लावला. इथे तीळसुद्धा नव्हता. तरी हे मूळ निघालं."

"लपलेला रोग असेल!" ओरोझाली घाईने म्हणाला. "माझा लेप लपलेलाही शोधतो!"

"मग तुमच्या मनगटावर लावू या, ताबीब. तुम्ही तर ठणठणीत आहात. काही निघालं नाही तर मी हरले."

ओरोझालीने दोन्ही बाह्या बोटांपर्यंत ओढल्या. "मला... मला लेप सोसत नाही."

मागून कोणीतरी हसलं. मग तंबूभर हसू पसरलं. हसली नाही ती फक्त बात्माकान. ती खपलीकडे बघत होती.

"म्हणजे जळलेलं कातडं मी रोग समजले," ती सावकाश म्हणाली, "आणि रोग गालातच राहिला?"

"हो, मावशी."

"महिनाभर?"

तुमारने होकारार्थी मान हलवली. यात गोड बोलण्यासारखं काही नव्हतं.

लेप चांगली-वाईट कातडी ओळखत नाही. जिथे लावाल तिथे जाळतो, आणि जळलेलं गळून पडतं. एवढाच हा चमत्कार. म्हणून कोणी रोग काढून दाखवला, तर एकच विचारा: हेच औषध धडधाकट माणसाला लावलं तर काय निघेल? उत्तर देताना त्याने बाह्या ओढल्या, तर तिथून उठा.

बात्माकान उठली. डोक्यावरचा रुमाल तिने गालावरून मागे सारला आणि म्हणाली, "नारीनची गाडी किती वाजता आहे?"