साडेबारा फुटांची फळी

फेब्रुवारीत हार्टविगला तळ्यापलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवलं, तेव्हा ग्रेवन तळं गोठलेलंच होतं. त्या दिवसांत गेझीनाला सारखं वाटायचं की बर्फावरून सरळ चालत सुटावं, तासाभरात पोचू. घराच्या धक्क्यापासून पलीकडचा काठ जेमतेम साडेतीन किलोमीटर. पण रस्ता अख्ख्या तळ्याला वळसा घालून जायचा. वाटेत बस बदलावी लागायची, आणि दुसरी बस पहिलीसाठी थांबत नसे. जाण्यायेण्यात चार तास मोडायचे आणि भेट व्हायची पाऊण तासाची. गाडी चालवायला ती कधी शिकलीच नव्हती. जिथं जायचं तिथं हार्टविग न्यायचा.

हार्टविग त्या तळ्यावरचा मासेमार. चाळीस वर्षं सपाट बुडाच्या काळ्या नावेत उभं राहून त्यानं जाळी टाकली आणि ओढली. बसून वल्हवणाऱ्या, सुट्टीवर आलेल्या लोकांना तो मनापासून हसायचा. पुढच्या पाण्याकडे पाठ करून बसतात, म्हणायचा, कुठं चाललोय ते दिसत नाही आणि कुठून आलो तेच बघत बसतात. मग हळूहळू त्याला जाळी कुठं लावली ते आठवेनासं झालं. एकदा धुरीच्या खोलीत टांगलेले मासे जळून कोळसा झाले, आणि जाळ आपण पेटवला हेच त्याला मान्य होईना. जानेवारीत एका पहाटे घरातल्या सपाता घालून तो बर्फावर चालत निघाला, तेव्हा मात्र गेझीनानं हात टेकले. नाव परवान्याबरोबरच नव्या मासेमाराकडे गेली.

एप्रिलपर्यंत तो तिला ओळखत होता. ईस्टरनंतरच्या मंगळवारी ती खोलीत शिरली, तर तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "बाई, तुम्हाला कुणाला भेटायचंय?"

तिनं नाव सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या बायकोचंही हेच नाव आहे." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

तीही त्याच्याशेजारी उभी राहून बाहेर बघत राहिली. खाली गवताचा उतार, वेताचं बेट, मग पाणी, आणि पाण्याच्या पार टोकाला त्यांच्या धुरीच्या खोलीचं धुराडं. इतकं स्पष्ट दिसत होतं की विटा मोजाव्यात. त्या दिवशी बसमध्ये तिनं ठरवलं की आता पाण्यावरूनच यायचं.

गावात भाड्यानं होड्या देणारी आनेग्रेट तिची शाळेपासूनची मैत्रीण. तरुणपणी ती शर्यतीत होड्या वल्हवायची. आता गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. मोटार लावलेल्या होडीला त्या तळ्यावर बंदी, पक्ष्यांसाठी. म्हणून आनेग्रेटनं आधी बसून वल्हवायची अरुंद होडी दाखवली. गेझीनाला पाय लांब करून बसवेना. तिच्या मणक्याची एक चकती सरकलेली होती. चाला, उभ्या राहा, पण बसू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

"मग उभीच राहा," आनेग्रेट म्हणाली. "शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं उभी राहिलीस, आता पाण्यावर उभी राहा."

तिनं पत्र्याच्या शेडमधून पॅडलबोर्ड काढले. उन्हाळ्यात पोरंसोरं ज्यावर धडपडत असतात त्या फळ्या. गेझीनाला हसूच आलं. एकसष्टाव्या वर्षी हे काय, म्हणाली. पण बूट काढले.

पहिली फळी आखूड आणि ऐसपैस होती, जेवणाच्या टेबलाएवढी. तिच्यावर गेझीना पहिल्याच खेपेला उभी राहिली आणि पडली नाही, म्हणून तिला हीच हवी होती. आनेग्रेटनं तिला पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयापर्यंत जाऊन यायला लावलं. उजवीकडून तीन वल्ही मारली की फळीचं नाक डावीकडे वळायचं, डावीकडून मारली की उजवीकडे. बोया आला तेव्हा गेझीनाच्या खांद्यात गोळे आले होते.

आनेग्रेट धक्क्यावरून म्हणाली, "ही काठाशी खेळायला बरी. साडेतीन किलोमीटर हिच्यावर गेलीस तर हार्टविगच्या शेजारच्या खोलीत तुलाच ठेवावं लागेल."

दुसरी चौदा फुटी होती, कडक, सुरीसारखी अरुंद. ती एका वल्ह्यात इतकी पुढं सरकली की गेझीना मागं पाण्यातच राहिली. मेमधलं, अजून बर्फासारखं गार पाणी होतं. दात वाजत ती वर आली, तेव्हा आनेग्रेटनं टॉवेल पुढं करून सांगितलं की शर्यतीची फळी मुद्दामच दिली, म्हणजे पडणं एकदाचं उरकतं आणि त्याची भीती राहत नाही.

तिसरी साडेबारा फूट लांब, एकतीस इंच रुंद. लांब पल्ल्यासाठी केलेली. पुढचं टोक होडीसारखं निमुळतं, खाली माशाच्या परासारखं एकच मोठं पातं. ती पहिलीइतकी स्थिर नव्हती. पायाखाली सतत काहीतरी जिवंत असल्यासारखं वाटायचं. पण एका बाजूनं सहा-सात वल्ही मारली तरी ती नाकासमोर जात राहायची, आणि वल्हं थांबवलं तरी पाणी कापत पुढं सरकायची.

"ही," गेझीना म्हणाली.

"घाई करू नको. अजून कडक की हवा भरायची, ते ठरायचंय."

कडक फळी पाण्यावर जास्त छान सरकते, हे गेझीनालाही जाणवलं. पण ती चौदा किलोची. घरापासून धक्का दोनशे पावलं, आणि पलीकडे चिखलातून वर ओढायची ती वेगळीच. हवा भरायची त्याहून हलकी होती आणि दगडाला लागली तर टवके उडत नव्हते. फक्त जाड हवी आणि पंपावरचा काटा पंधरावर जाईपर्यंत भरायची, असं आनेग्रेटनं दोनदा सांगितलं. कमी भरली की माणसाच्या वजनानं मधोमध वाकते आणि निम्मी ताकद पाण्यातच जाते. पंप मारताना शेवटची वीस दाबणी गेझीनाला अंगाचं वजन टाकून द्यावी लागली. वल्हं तिच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच, वजनाला हलकं. घोट्याला बांधायची दोरी आणि जॅकेट घातल्याशिवाय शेडच्या बाहेर पाऊल टाकू देणार नाही, असंही आनेग्रेटनं ठणकावलं.

"वारा पश्चिमेचा असेल आणि पाण्यावर पांढरा फेस दिसला, तर बसनं जायचं," ती म्हणाली. "त्याला आधीच एक बायको आठवत नाहीये. तू बुडालीस तर ती कोण होती ते सांगायलाही कुणी उरायचं नाही."

गेझीना हसली, आणि मग तिथंच ओल्या टॉवेलात तोंड खुपसून बराच वेळ रडली. आनेग्रेट तिच्याशेजारी पंपाची नळी गुंडाळत बसली.

तीन आठवडे ती काठाकाठानं शिकली. जूनच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठला, तळं तेलासारखं पडलं होतं तेव्हा ती निघाली. पाठीवरच्या पिशवीत धुरी दिलेला मासा आणि पाव होता. मध्यावर पोचल्यावर दोन्ही काठ सारखेच लांब दिसायला लागले आणि ती अंग ताठ करून उभी राहिली. मग हार्टविग जसा पाय किंचित वाकवून, कमरेतून सैल उभा राहायचा, तसं तिनं उभं राहून बघितलं. बरं वाटलं. सव्वा तासानं ती पलीकडच्या वेतात शिरली.

दाराशीच दोरोता भेटली. त्या मजल्यावरची ही पोलिश परिचारिका एरवी हसतमुख असायची, पण आज तिचा चेहरा काहीतरी वेगळाच दिसत होता.

"गेझीनाबाई, त्यांनी तुम्हाला ओळखलं," ती म्हणाली. "खिडकीतून. तुम्ही अर्ध्या वाटेवरही आला नव्हता. मला हाक मारून म्हणाले, ती बघ माझी बायको येतेय."

गेझीना पायऱ्या जवळजवळ धावतच चढली. हार्टविग खिडकीशी उभा होता. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला नाही, पण तिच्यावर थांबलाही नाही. त्याची नजर तिला ओलांडून दाराकडे गेली.

"बसा ना बाई," तो म्हणाला. "मी जरा गडबडीत आहे. माझी बायको पाण्यावरून येतेय. नाव बांधत असेल."

ती बसली. पाठ दुखत असूनही बसली. दोघं मिळून वाट बघत राहिली. तिनं आणलेला मासा त्यानं चाखला आणि म्हणाला, अगदी आमच्या घरच्यासारखा आहे. पाऊण तासानं त्याचं दाराकडे बघणं हळूहळू थांबलं. 

जून-जुलैभर असंच चाललं. दर खेपेला तो तिला पाण्यावर ओळखायचा आणि दर खेपेला खोलीत ती कुणीतरी परकी बाई असायची. गेझीनाला त्या पाण्यावरच्या बाईचा हेवा वाटायला लागला. हे तिनं फक्त आनेग्रेटला सांगितलं. स्वतःचाच हेवा करणारी मी पहिलीच असेन, म्हणाली.

ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा धरला. तिनं दिलेला शब्द पाळला आणि नऊ दिवस बसनं गेली. त्याच्याशेजारी बसून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, नखं कापली. दहाव्या दिवशी दोरोतानं तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. सांगू की नको, असं बराच वेळ चाललं, मग म्हणाली, "तुम्ही गेलात की ते खिडकीशी बसतात. अंधार पडेपर्यंत. जेवायला उठत नाहीत. म्हणतात, ती नऊ दिवस आली नाही."

गेझीना त्या रात्री झोपली नाही. वारा पडला त्या सकाळी ती निघाली, आणि वेतापासून शंभर हातांवर थांबली. काठाला लागलीच नाही. खिडकीत तो उभा होता. तिनं वल्हं वर केलं. त्यानं हात वर केला, मग दोन्ही हात. ती तिथंच हळूहळू फेऱ्या मारत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तासभर. पाय बधिर झाले. मग पुन्हा एकदा वल्हं उंचावून घराकडे वळली. दोरोतानं नंतर फोनवर सांगितलं की दुपारी तो नीट जेवला आणि सगळ्यांना सांगत होता, आज ती जाळी बघत होती, म्हणून वर आली नाही.

तेव्हापासून तिचं खोलीत जाणं कमी झालं. आठवड्यातून एखादा दिवस बसनं, त्याचा हात हातात धरायला, कारण तेही तिला हवं होतं. बाकी दिवस पाण्यावरूनच. त्याला बायको मिळावी म्हणून तिला नवऱ्यापासून शंभर हात लांब उभं राहावं लागत होतं. मुलगा हॅम्बुर्गहून फोनवर म्हणाला, आई, हा कसला वेडेपणा. ती म्हणाली, "तू ये आणि एकदा त्याच्या शेजारी खिडकीत उभा राहा." तो आला, उभा राहिला, आणि पुन्हा त्या विषयावर काही बोलला नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला पाणी इतकं गार झालं की आनेग्रेटनं तिला जाड रबरी पोशाख आणून दिला. तो घालून ती आणखी तीनदा गेली. तिसऱ्या दिवशी खिडकी रिकामी होती. तिनं वल्हं उंचावलं, वाट बघितली, पुन्हा उंचावलं. मग फळी वेतात ओढून तशीच वर गेली.

हार्टविगला ताप होता. फुप्फुसात पाणी झालं होतं. पलंग भिंतीकडे सरकवला होता, आणि त्याला उठवून बसवणं शक्य नव्हतं. गेझीना त्या रबरी पोशाखातच त्याच्याजवळ बसली. दोरोतानं तिला कोरडे कपडे आणून दिले, आणि घरी जायला कुणी सांगितलं नाही. सहा दिवस ती तिथंच राहिली, दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून झोपायची.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले. बराच वेळ तिच्याकडे बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "जरा बाहेर बघून सांगाल का? येतेय का ती?"

गेझीना उठून खिडकीशी गेली. पाणी करडं होतं, रिकामं, वाऱ्यानं मोडलेलं. मी इथंच आहे, असं सांगावंसं तिला वाटलं. ते वाक्य तिच्या ओठांवर होतं, आणि एप्रिलपासून ती ते शंभरदा बोललीही होती.

"येतेय," ती म्हणाली. "वेताच्या बेटाजवळ आलीये."

"उभी आहे?"

"उभी आहे."

"वारा आहे का?"

"फार नाही. नीट येतेय ती."

त्यानं समाधानानं मान हलवली. तिनं परत येऊन त्याचा हात धरला, तो त्यानं काढून घेतला नाही. पण परक्या बाईला संकोच वाटू नये म्हणून जेवढा धरू द्यावा, तेवढाच धरू दिला. त्यानंतर तो बोलला नाही. दोन दिवसांनी सकाळी, दोरोता चादर बदलायला आली असताना, तो गेला.

मुलगा गाडी घेऊन आला आणि गेझीनाला रस्त्यानं घरी घेऊन गेला. फळी तिकडेच वेतात पडून होती. आठवड्यानं आनेग्रेट ट्रेलर नेऊन ती घेऊन आली. हवा निम्मी गेली होती, वर पानं चिकटली होती. विकून टाकू का, तिनं विचारलं. गेझीना म्हणाली, नको, धुऊन वाळवून ठेव, पुढं तिचं काय करीन ते मला माहीत नाही, पण वसंतात बघू.

मग दोघी धुरीच्या खोलीच्या पायरीवर बसल्या आणि आनेग्रेटनं थर्मासमधली कॉफी ओतली. गेझीनाला पाठीमुळे फार वेळ बसवत नाही हे आनेग्रेटला आठवलं, म्हणून तिनं आपल्या जॅकेटची घडी करून तिच्या कमरेमागं दिली. गेझीना म्हणाली, "शेवटी त्याला वाटलं असेल ना, की ती पोचली?"

आनेग्रेटला खोटं बोलता यायचं नाही. म्हणाली, "ते मला ठाऊक नाही. पण येतेय हे त्याला ठाऊक होतं."

गेझीनानं कप दोन्ही हातांत धरला आणि कॉफी थंड होईपर्यंत तशीच बसून राहिली.