न दिलेला आरसा

डॉक्टरबाईंना हे काम कुणी शिकवलंच नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. चांगली अडीच दिवसांची कार्यशाळा झाली होती. टेबलावर रबरी नमुना, त्यावर ठळक खळगी. डायलेटर, म्हणजे बोटाएवढी गुळगुळीत प्लास्टिकची कांडी, त्या खळगीवर टेकवून हलके हलके दाबायची. जन्मतः योनीमार्गच झालेला नसेल, तर रोज दोनदा वीस-वीस मिनिटं असं केल्यावर काही महिन्यांत तो तयार होतो. सगळ्यांनी नमुन्यावर एकेकदा हात चालवला आणि प्रमाणपत्रं घेऊन घर गाठलं.

पुढे त्यांच्याकडे चोवीस वर्षांची एक शिवणकाम करणारी मुलगी आली. गर्भाशयही नाही, हे कळल्यावर ती पोटभर रडली होती. आता निदान एवढं तरी होऊ दे, म्हणून आली होती बिचारी. बाईंनी तिला नमुन्यावर सगळं समजावलं. तेवढ्यात जुन्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आरसा द्या ना तिच्या हातात. तुमच्यासमोर एकदा लावून बघू दे."

"लाजेल हो ती," बाई म्हणाल्या.

लाज नक्की कुणाला वाटत होती, ते सिस्टरना कळलं होतं. पण डॉक्टरांपुढे त्यांचं काय चालणार?

मुलगी दर महिन्याला वही घेऊन यायची. तारीख, वेळ, मिनिटं, सगळं लिहिलेलं. एका दिवसाचा खाडा नाही. "फार दुखतं," ती म्हणाली, तर बाई म्हणाल्या, "सुरुवातीला दुखणारच," आणि वहीत 'उत्तम' असा शेरा मारला. असे तीन शेरे झाले. वही इतकी चोख, मग पेशंटला काय तपासायचं!

चौथ्या महिन्यात मात्र ती खुर्चीवर बसलीच नाही.

"मॅडम, लघवी थांबत नाही. मशीनवर बसले की कपडे ओले होतात. दुकानातल्या बायका नाकाला पदर लावतात."

बाईंनी तिला पहिल्यांदाच तपासलं. कांडी टेकवायची खरी खळगी जेमतेम नखाएवढी, ती होती तशीच होती. तिच्या वरची लघवीची वाट मात्र सैल पडून उघडी राहिली होती. चार महिने, रोज चाळीस मिनिटं, मुलगी नेमाने तिथेच दाबत होती.

"माझं काय चुकलं?" तिने विचारलं. "मी एक दिवस चुकवला नाही."

'रुग्णाने चुकीच्या पद्धतीने वापर केला.' केसपेपरवर लिहायला वाक्य तयार होतं. बाईंनी पेन उचललं. मग खाली ठेवलं.

"तुझं काही चुकलं नाही. मी तुला दाखवायला हवं होतं. मी बघितलंच नाही."

"हे परत घट्ट होईल?"

"थोडंफार होईल. पूर्ण होईल असं नाही सांगू शकत."

सिस्टरनी तिच्या हातात आरसा दिला आणि बोटाने जागा दाखवली. मुलगी बराच वेळ बघत राहिली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

कपडे सावरून ती टेबलाशी आली आणि वही उघडून बाईंपुढे सरकवली. "तुमचं 'उत्तम' खोडा. तिन्ही खोडा."

बाईंनी तिन्ही शेरे खोडले. मुलगी वही तिथेच टाकून निघून गेली, ती परत आली नाही.

आता हे काम शिकायला नवे डॉक्टर आले की बाई नमुना काढत नाहीत. आधी ती वही काढतात आणि पहिल्या पानापासून वाचायला देतात.