मिटलेल्या तोंडाचे फोटो

दाताच्या डॉक्टरला सगळं शहर ओळखतं, पण कवळी जो खरोखर बनवतो त्याला काळं कुत्रंही विचारत नाही. बत्तीशीकाकांचं हे दुखणं जुनं. छत्तीस वर्षं ते एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून दात लावत होते. पुढे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे, त्यावरून ओतलेला प्लॅस्टरचा जबडा मागे यायचा आणि जबड्याखाली रबरानं अडकवलेली एक चिठ्ठी असायची. ‘वय एकसष्ट, रंग तीन नंबर, डावीकडे चावताना दुखतं.’ काका चिठ्ठीच्या पाठीवर आपलं म्हणणं लिहायचे, ‘हिरडी फार बसली आहे, माप पुन्हा घ्या,’ आणि जबडा पुढे पाठवायचे. ती चिठ्ठी त्या दोघांखेरीज तिसऱ्यानं कधी वाचली नाही. आणि जबड्याचा मालक काकांनी कधी पाहिला नाही. हजारो तोंडांत काकांचे दात, आणि घरातलं एक सोडलं तर काकांना त्यातलं एक तोंड माहीत नाही. आहे की नाही गंमत?

तर असा हा एकांडा माणूस. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा नोकरीपायी पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरात काका आणि सून. सून स्वभावानं सोन्यासारखी, पण संध्याकाळी काम आवरलं की सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची आणि फोनमध्ये शिरायची. जगातली अर्धी माणसं जिथे जाऊन बसली आहेत, त्या साइटवर. काका त्या साइटचं नाव तोंडाला लावून घेत नसत. ते तिला चव्हाटा म्हणायचे.

“आज काय विशेष चव्हाट्यावर?”

“माझ्या मैत्रिणीनं पडदे बदलले, बाबा.”

“मग जा की तिच्या घरी बघायला.”

“अहो, ती दोन हजार किलोमीटरवर राहते.”

“आणि तू इथे बसून तिचे पडदे मोजतेस. धन्य आहे!”

सून हसून सोडून द्यायची. एकदा मात्र काकांनी खरोखरच विचारलं. “नाही, मला सांग पोरी, काय ठेवलंय त्यात? खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे मला कोणी शिकवायला नको, माझा धंदाच तो. पण नुसते दाखवायचेच दात घेऊन माणसं तासन्‌तास बसतात, ती कशासाठी?”

सुनेनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. “नीट सांगता नाही येणार, बाबा. पण दिवसभर मी काय केलं, कशी होते, ते या घरात कोण बघतं? तिथे कोणीतरी बघतं.” मग ओशाळून म्हणाली, “तुम्हाला नाही हं म्हणत.”

काकांनाच म्हटलं होतं, आणि ते काकांना लागलंही. घटकाभर त्यांनी वर्तमानपत्राची एकच घडी चार वेळा घातली. शेवटी म्हणाले, “माझंही खातं उघड बरं. बघू तरी काय जादू आहे ती.”

पहिले दोन दिवस त्यांना ओ की ठो कळेना. कोणी गाडी धुतली, कोणाचं कुत्रं झोपलं, कोणी विमानतळावर उभा आहे. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त हेडमास्तरांचा फोटो समोर आला. नातीला कडेवर घेऊन ते खो खो हसत होते. काका खुर्चीतून ताडकन उठले.

“अगं, हे माझे!”

“कोण? नात्यातले आहेत?”

“माणूस नाही गं, दात! तो वरचा उजवा सुळा बघ, किंचित वळवलेला. सगळे एका रांगेत लावले की कवळी ती कवळीच दिसते. म्हणून मी एक दात मुद्दाम वाकडा लावतो. बघ, बघ, कसा शोभतोय!”

काकांचे डोळे भरून आले होते. छत्तीस वर्षांत परक्या तोंडातला आपला दात त्यांनी पहिल्यांदा हसताना पाहिला. त्या दिवसापासून सासरा एका कोपऱ्यात आणि सून दुसऱ्या, दोघं फोनमध्ये. काकांनी आठवड्याभरात नऊ तोंडं शोधून काढली. नाव कोणाचं वाचायचं नाही, खाली कोणी काय लिहिलंय तिकडे ढुंकून बघायचं नाही. फोटो दोन बोटांनी ताणायचा, थेट तोंडापर्यंत जायचं, आणि सुळा बघायचा. सून म्हणायची, “बाबा, माणसं पण बघा कधीतरी.”

आणि एका रविवारी सकाळी, ‘या तुमच्या ओळखीच्या आहेत का’ असं विचारणाऱ्या रांगेत ताई आली.

काकांची सख्खी थोरली बहीण. अकरा वर्षांत दोघांत एक शब्द नव्हता. आईचं शेवटचं आजारपण ताईनं काढलं होतं, दोन वर्षं, एकटीनं. आई गेली त्या दिवशी काका प्रवास करून पोहोचले. खोलीत सगळे नातेवाईक बसलेले. काकांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांना स्वतः बनवलेली कवळी ढिली पडलेली दिसली, आणि ते चारचौघांत बोलून गेले, “हिरड्या किती बसल्यात हिच्या! पोटभर खायला तरी मिळत होतं का इथे?”

शेवटचे तीन महिने आई चमच्याला तोंड लावत नव्हती, ताई रडून रडून भरवत होती, हे काकांना नंतर कळलं. पण शब्द गेला तो गेला. ताई तेव्हा उठून उभी राहिली आणि म्हणाली, “तुला आई दिसली नाही का रे? नुसता जबडा दिसला?” त्यानंतर तिनं घर बदललं, नंबर बदलला. माफी मागावी असं काकांना दर वर्षी वाटायचं, आणि दर वर्षी ते पुढच्या वर्षावर ढकलायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

त्या रविवारी सुनेनं त्यांच्या बोटाला धरून मैत्रीची विनंती धाडली. काका दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी फोन किणकिणला. खाजगी निरोपाच्या जागी ताईनं लिहिलं होतं, ‘फावड्या, तू?’

पुढचे दात मोठे म्हणून लहानपणी ताईनं त्यांना फावड्या नाव ठेवलं होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं तर काका अंगावर जायचे, ताईला मात्र मुभा होती. ते एवढ्याशा अक्षरांकडे बघत बसले आणि चक्क हुंदके देऊन रडले. सून पाणी घेऊन आली तर म्हणाले, “तुझा चव्हाटा बरा आहे गं.”

मग रोज दोन-चार ओळी जाऊ-येऊ लागल्या. गुडघे कसे आहेत. मांजर पाळलंय. जुन्या गोष्टीचा विषय दोघांनीही काढला नाही. दहाव्या दिवशी ताईनं लिहिलं, ‘पुढच्या महिन्यात ये की. पत्ता कळवते.’ काकांनी डॉक्टरांकडे रजा मागितली, नवी बॅग आणली. अकरा वर्षांनी बहीण परत मिळत होती, त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर! पण ते ताईचे फोटो बघत होते. कुंडीपाशी ताई, मांजर मांडीवर घेऊन ताई, सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या घोळक्यात ताई. चारशेवर माणसं तिच्या ओळखीची, आणि अलीकडच्या प्रत्येक फोटोत ताईचं तोंड मिटलेलं. कुठे हनुवटीवर हात, कुठे ओठांपुढे कप, कुठे गळ्यातला स्कार्फ वर ओढलेला. ही ताई! जी दातांनी अक्रोड फोडायची, जिचं हसणं तीन घरं ओलांडून जायचं! काकांनी फोटो मागे मागे नेले. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापर्यंत दात होते. त्यानंतर वरचा ओठ आत बसलेला. एका फोटोवरून दुसऱ्यावर जात त्यांनी सगळा हिशोब लावला. आधी पुढचे गेले, मग खालचे, आता काही उरलेलं नसावं. अर्ध्या शहराला दात देणारा भाऊ असून सख्खी बहीण बोळकं घेऊन बसली आहे!

दुसऱ्या दिवशी कामावर बसले तरी ताईचा ओठ डोळ्यांपुढून हलेना. समोर जबडे, जबड्यांखाली चिठ्ठ्या. काकांनी बोटांवरचं प्लॅस्टर पुसलं आणि फोन उघडला. ताईनं आजच नवा फोटो लावला होता, खिडकीपाशी उभी, तोंड मिटून हसणारी. फोटोखाली लिहायला मोकळी जागा होती. निरोपाच्या जागी निरोप, पण जबड्याविषयी लिहायचं तर जबड्याखाली, हा छत्तीस वर्षांचा हात. त्या हातानं लिहिलं: ‘ताई, वरचे सगळे दात गेलेले दिसतात. खालचेही. हिरड्या बसल्या आहेत. खाणं नीट होत नसणार. तोंड उघडून समोरून एक फोटो पाठव. माप घ्यायला मी येतोच आहे.’ वाचून बघितलं, बरोबर वाटलं, धाडलं. मनावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना झालं, आणि त्या दिवशी त्यांनी दोन कवळ्या जास्त पुऱ्या केल्या.

संध्याकाळी दार सुनेनं उघडलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाबा, हे काय लिहिलंत तुम्ही?”

“काय लिहिलं?”

“आत्याबाईंच्या फोटोखाली. अहो, ते सगळ्यांना दिसतं!”

“सगळ्यांना म्हणजे?”

“सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकाला.”

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा फोटोखालचं वाचलं. सगळ्यात वर, सकाळचं, होतं: ‘किती गोड दिसतेस!’ ‘चेहऱ्यावर काय तेज आहे!’ मग काकांचं. आणि त्याच्याखाली रांग लागली होती. ‘अगंबाई, खरंच की काय? माझ्या कधी लक्षातच आलं नाही.’ ‘तरीच फोनवर शब्द नीट कळत नाहीत.’ ‘म्हणून हिला चहाबरोबर कधी काही नको असतं.’ फिरायला येणाऱ्या एकीनं जुना फोटो शोधून तोंडापाशी मोठा करून चिकटवला होता. कोणीतरी नुसतं हसण्याचं चित्र टाकलं होतं, आणि त्याला सात जणांची दाद होती.

“पूस ते! आधी पूस!” काका ओरडले. सुनेनं त्यांचं लिहिलेलं पुसलं. बाकीच्यांचं तिला पुसता येईना.

काकांनी निरोपाच्या जागी लिहिलं, ‘ताई, चुकलो. मला वाटलं फक्त तुलाच दिसेल.’ मग लिहिलं, ‘ताई, आईच्या वेळीही चुकलो होतो.’ अकरा वर्षं घशात अडकलेलं वाक्य ते, आणि यायची वेळ ही! निरोप पोहोचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, फोन किणकिणला. काकांनी झडप घालून उचलला. ताईचा फोटो होता. उघडलेलं तोंड, हनुवटीपासून नाकाखालपर्यंत, पडदाभर. खाली एकच ओळ: ‘घे बघून. आणखी कोणालाच दाखवलं नव्हतं.’

काका घाईघाईनं उत्तर लिहायला लागले. दोन शब्द झाले नसतील, तोच ताईच्या नावाजागी करडं वर्तुळ आलं. तिचं पान शोधलं तर ‘हे पान आता उपलब्ध नाही’. कुंड्या गेल्या, मांजर गेलं, खिडकी गेली, त्या चारशे माणसांतून ताईच उठून गेली. पत्ता कळवायचा राहिलाच होता.

चव्हाट्यात काय ठेवलंय ते आता काकांना कळलं. चारशे माणसं तिच्याकडे रोज बघत होती, गोड म्हणत होती, आणि एकानंही तिला तोंड उघड म्हटलं नव्हतं. एवढ्यासाठीच ती तिथे येत होती. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! आपण पुन्हा तेच केलं, पुन्हा चारचौघांत, आणि या वेळी चारशे जणांत, हे त्यांच्या मनातून जाईना. ते तसेच बसून राहिले, जेवणाचा डबा न उघडता.

निरोपातला फोटो मात्र उरला होता. काकांनी तो पुन्हा समोर घेतला. वरची हिरडी सपाट, मोठं माप लागेल. खाली डावीकडे पांढरा घट्टा पडलाय, त्याच बाजूनं चावत असणार बिचारी. आपण हे चिठ्ठीच्या पाठीवर लिहीत आहोत, हे दीड ओळ लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पेन्सिल हातातून गळून पडली.

मग त्यांना ताई बघावीशी वाटली. रडली होती का, रागावली होती का, कशी दिसत होती फोटो काढताना. त्यांनी डोळ्यांपर्यंत जायला बोटानं फोटो खाली ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला. प्लॅस्टरचे डाग पडले काचेवर, ते बाहीनं पुसले आणि पुन्हा ओढला. ताईनं डोळे घेतलेच नव्हते. फोटो नाकाखालीच सुरू होत होता.